हिअर, लिसन आणि गाळलेलं वाक्य

६ जानेवारी

चि. बडबडीस मामाचा आशीर्वाद.

आधी शिरस्त्याप्रमाणे परत म्हणतो. तुला बढती मिळाली. संध्याकाळच्या वर्गात आता एकवीस मोठी माणसं इंग्रजी शिकायला येतात, त्यात एक न्हावी, एक कानाच्या दवाखान्यातली बाई आणि एक सत्तरीचे आजोबा आहेत. खोलीला हिरवा पडदा लावलास. गुडघा बरा आहे. बरोबर ना? लिफ्टच्या कामात केबिनच्या छतावर उभा असलेला माणूस जे ओरडेल, ते वर मशीनच्या खोलीतल्याने मोठ्याने परत म्हणायचं आणि मगच बटण दाबायचं. नऊ वर्षांची असताना तू आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा हाच नियम मी तुला लावला. दुकानात पाठवताना "काय आणायचंय, परत म्हण" असं विचारल्याशिवाय तुला दाराबाहेर सोडलं नाही. तरी तू साखरेऐवजी मीठ आणलंस ते आणलंसच.

आता कामाचं. कंपनीने नव्या लिफ्टा घेतल्यात आणि त्यांची सगळी माहितीपुस्तकं इंग्रजीत आहेत. म्हणून थोरला फिटर म्हणून राहायचं असेल तर मे महिन्यात परीक्षा द्या, असा हुकूम आलाय. नापास झाला तो स्टोअरमध्ये, नटबोल्टांच्या सोबतीला. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. एकतीस वर्षं लिफ्टांच्या अंगाखांद्यावर काढली, ही तीनही मला तिथेच काढायचीत. स्टोअरमध्ये मी महिनाभर टिकणार नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

तर अडचण अशी. अर्जासोबत तपासण्यांची यादी आहे. एका ओळीत लिहिलंय हिअरिंग टेस्ट आणि खालच्या ओळीत लिसनिंग टेस्ट. तू दिलेल्या डिक्शनरीत पाहिलं तर दोन्हींपुढे 'ऐकणे'. छापणाऱ्याने एकच गोष्ट दोनदा छापली आहे, की दोन्ही निराळ्या आहेत? निराळ्या असतील तर कशात काय तपासतात ते नीट सविस्तर लिही. घाई नाही, पण लवकर लिही.

मामी ठीक आहे. हल्ली फार पुटपुटते, वयाचा परिणाम असेल.

तुझा मामा

(समासात, हिरव्या शाईत) मी पुटपुटत नाही. — मामी


१५ जानेवारी

प्रिय मामा,

तुला आणि न पुटपुटणाऱ्या मामीला नमस्कार. परत म्हणते: मेमध्ये परीक्षा, स्टोअर नको, लिफ्ट हवी, दोन टेस्टांत फरक काय. आणि मीठ मी एकदाच आणलं होतं, त्याला आता वीस वर्षं होतील.

छापणाऱ्याची चूक नाही. हिअर म्हणजे आवाज आपणहून कानावर पडणं. त्यासाठी आपल्याला काही करावं लागत नाही, शेजारचा शिंकला की आपल्याला ऐकू येतंच. लिसन म्हणजे आपण होऊन कान देणं. मराठीतही हे आहेच की, एक ऐकू येणं आणि दुसरं ऐकणं. तुझ्या डिक्शनरीने कंजुषी केली.

वर्गात मी तुझंच उदाहरण देते. मी शाळेतून आले की बोलत सुटायचे आणि तू पेपर वाचत असायचास. मध्येच विचारायचे, "मामा, ऐकतोयस ना?" तू पेपरातून डोकं न काढता "हो" म्हणायचास. ते हिअर. मग मी पाय आपटायचे. तू पेपरची घडी घालून बाजूला ठेवायचास आणि म्हणायचास, "आता पहिल्यापासून सांग." ते लिसन. त्या न्हाव्याला हे इतकं आवडलं की तो आता म्हणतो, गिऱ्हाइकांचं मी दिवसभर हिअर करतो, लिसन केलं तर कान कापायचा कुणाचातरी.

आता टेस्टा. हिअरिंगला डॉक्टर असतो. कानांवर टोप्या चढवून बारीक बारीक शिट्ट्या ऐकवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. त्यात कान तपासतात, तू नव्हेस. लिसनिंगला टेप लावतात. कुणीतरी इंग्रजीत बोलतं, मग त्यावर प्रश्न. तुला तयारी करायची ती याची. पहिलीची तू कशाला काळजी करतोस? खालच्या मजल्यावर कुणी लिफ्टचं दार अर्धवट लावलं तर तू ताटावरून उठून जायचास. तुझ्या कानांपुढे डॉक्टरच नापास होईल.

सरावाची पुस्तकं पाठवते आहे. आणि मागचे तिन्ही रविवार मामीनेच फोन घेतला, तू म्हणे गच्चीवर होतास. रविवारी सकाळी नऊ वाजता फोन करते, तूच उचल.

तुझी बडबडी


२७ जानेवारी

चि. बडबडीस,

परत म्हणतो: हिअर म्हणजे कानावर पडणं, लिसन म्हणजे कान देणं. हिअरिंगला डॉक्टर, कानांवर टोप्या आणि शिट्ट्या. लिसनिंगला टेप. पुस्तकं पोचली, तीन. न्हाव्याकडे मी कधी गेलो तर गप्प बसेन.

तुझा फरक समजला, पण पूर्ण पटला नाही. मागच्या आठवड्यातलं सांगतो. एका नऊ मजली कचेरीची लिफ्ट कुरकुरत होती. दोन इंजिनिअर येऊन गेले, यंत्र लावून गेले, काही सापडलं नाही. मग मला बोलावलं. मी माझा तो जुना लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक बेअरिंगच्या डब्यावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटले. म्हटलं, आतला एक छर्रा फुटलाय. उघडून पाहिलं तर फुटलेला छर्रा. इंजिनिअर माझ्याकडे बघतच राहिले. हवेतून काहीच कळत नव्हतं, हाडातून सगळं कळलं. याला तू हिअर म्हणशील की लिसन?

लांबूचं बरं चाललंय. अठरा वर्षं आम्ही जोडीने काम करतो, पण आताशा त्याला ओरडू देत नाही. त्याचा घसा बसतो. त्याला सांगितलंय, छतावरून रेलवर पाना आपट. एक ठोका थांब, दोन वर, तीन खाली. मी वर मशीनच्या लोखंडाला स्क्रू ड्रायव्हर लावून बसतो आणि तेवढेच ठोके परत देतो. नियम तोच, फक्त घशाला विश्रांती. लांबू म्हणतो हे म्हातारचळ आहे.

आमच्या वर्कशॉपमधल्या एकाची शंका आहे, माझी नव्हे. ज्याला हिअर होत नाही, त्याला लिसन येऊ शकतं का? आणि पहिल्या टेस्टला नापास झाला तर दुसरीला बसू देतात का? त्याला सांगायचंय म्हणून विचारतो.

तुझा मामा

(समासात) पुटपुटते ती भांडी. — मामी


८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

परत म्हणते: छर्रा सापडला, इंजिनिअर बघत राहिले, लांबूमामाच्या घशाला विश्रांती, वर्कशॉपमधल्या एकाची शंका.

त्या एकाला सांग, नाही. आधी हिअर, मग लिसन. आवाजच पोचला नाही तर माणूस कान कशाला देणार? आणि पहिलीत नापास झाला तर दुसरीला बसवत नाहीत, शिवाय लिफ्टच्या कामावर तर मुळीच ठेवू नये. तिथे ऐकू न येणारा माणूस म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ, हे तूच मला सांगायचास. तुझ्या स्क्रू ड्रायव्हरचं मात्र मी वर्गात सांगितलं. त्या कानाच्या दवाखान्यातल्या बाई फार लक्ष देऊन ऐकत होत्या.

मामा, आता मनातलं लिहिते. या रविवारीही फोन मामीनेच घेतला. मागून तू काहीतरी बोलल्याचा आवाज आला, म्हणजे तू घरातच होतास. मी मामीला म्हटलं, दे ना त्याला, तर ती भाजी लागतेय म्हणाली. मी काय समजू?

दोन वर्षांपूर्वी तू म्हणाला होतास की घराजवळच्या शाळेत नोकरी मिळतेय ती घे. मी ऐकलं नाही आणि इतक्या लांब आले. स्टेशनवर तू नुसती बॅग चढवून दिलीस आणि "तुला पटेल ते कर" एवढंच बोललास. त्यानंतर तुझा आवाज मी फोनवर नीट ऐकलेलाच नाही. पत्रं येतात, थट्टा असते, पण आवाज नाही. तू माझ्यावर रागावला आहेस का? रागावला असशील तर तसं लिही. आई नोकरीसाठी लांब असताना ज्याने माझ्या वेण्या वाकड्यातिकड्या का होईना घातल्या, त्याचा अबोला मला सहन होत नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता फोन करते, तूच उचल.

तुझी बडबडी


२ एप्रिल

चि. बडबडीस,

तुझी पत्रं आणि कार्ड मिळालं. उत्तराला उशीर झाला.

परीक्षेचा अर्ज मी मागे घेतलाय. मेअखेर काम सोडतो. पुरे झालं आता, गुडघेही बोलतात. पुस्तकं टपालाने परत पाठवतोय, ती कुणा गरजूला दे. मी तुझ्यावर कधी रागावलो नाही आणि रागावणार नाही, हे मात्र पक्कं समज.

लांबू बरा आहे.

तुझा मामा

(समासात) टोपी गेली, डोकं वाचलं. विचार यांना. — मामी


९ एप्रिल

प्रिय मामा,

परत म्हणते: अर्ज मागे, मेअखेर काम बंद, पुस्तकं परत, माझ्यावर राग नाही, लांबूमामा बरा आहे.

लांबूमामा बरा आहे की नाही हे मी विचारलं नव्हतं. आणि तुझ्या पत्रात पहिल्यांदाच परत म्हणणं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणून काल सुट्टी होती तर दोन वर्षांतली तुझी सगळी पत्रं काढली, टेबलावर मांडली आणि शेजारी मी तुला काय लिहिलं होतं ते आठवून लिहीत गेले. तू माझा गुडघा परत म्हटलास, पडदा म्हटलास, न्हावी म्हटलास. घरमालकिणीच्या मांजरीची तीन पिल्लंसुद्धा रंगांसकट म्हटलीस. फक्त एक वाक्य प्रत्येक पत्रात गाळलंस. रविवारी फोन करते, तूच उचल. हे एकदाही परत म्हटलं नाहीस.

मला वाटत होतं हा राग. रागावलेला माणूस एखादं वाक्य गाळतो. पण तू नियमाचा माणूस आहेस. जे नीट ऐकलं आणि जे करणार आहेस तेच परत म्हणायचं, असं तूच शिकवलंस. जे करता येणार नाही ते तू म्हणणार नाहीस, मग ते माझं मन राखायला का असेना.

मग बाकीचंही दिसायला लागलं. मामी पुटपुटते. लांबूमामाचा घसा बसतो. रेलवर ठोके. वर्कशॉपमधला एक. त्या एकाला मी किती तोऱ्यात उत्तर दिलं ते वाचून मला माझीच लाज वाटली. मी वर्गात लिसन शिकवते आणि तुझी पत्रं नुसती डोळ्यांखालून घालत होते.

मामा, तुला ऐकू येत नाही ना?

त्या कानाच्या दवाखान्यातल्या बाईंना मी आज गाठलं, तुझं नाव न घेता. त्या म्हणाल्या, हाडाला टेकवून ज्याला स्पष्ट ऐकू येतं आणि हवेतून येत नाही, त्याची आतली नस बहुतेक चांगली असते, वाटेत कुठेतरी अडलेलं असतं. पुष्कळदा ते दुरुस्त होतं. तपासल्याशिवाय सांगता येत नाही, पण होतं. तू एकतीस वर्षं लोकांना सांगत आलास ना, की मोटर ठीक आहे, अडलंय ते दारात.

पण डॉक्टर नंतर. टोपी कुणाची गेली ते मी मामीला विचारलेलं नाही, आणि विचारायची गरजही नाही. लांबूमामा रोज छतावर उभा राहतो तो तुझ्या परत म्हणण्याच्या भरवशावर. त्याला हे माहीत नसेल तर तू त्याला फसवतो आहेस.

मी आत्ता निघून येऊ शकते. पण मी आले की तू मला बिस्किटं देशील, गच्ची दाखवशील आणि विषय बदलशील. म्हणून येत नाही. खाली तीन वाक्यं लिहिते. ती परत म्हण.

मला कमी ऐकू येतं. मी हे लांबूला सांगितलेलं नाही. आता सांगतो.

तुझी बडबडी


२४ एप्रिल

चि. बडबडीस,

परत म्हणतो. मला कमी ऐकू येतं. मी हे लांबूला सांगितलेलं नव्हतं. आता सांगितलं.

या तीन ओळी लिहायला मला बारा दिवस लागले. तुझं पत्र मी खिशात घेऊन फिरलो, मामीने पँट धुवायला टाकताना काढलं आणि वाचलं, आणि परत खिशात ठेवलं. तेव्हा कळलं की ती दोन वर्षं माझ्यासाठी फोनवर खोटं बोलत होती आणि तिला ते किती जड जात होतं.

तू गेलीस त्या दिवशी स्टेशनवर तू डब्याच्या दारात उभी राहून काहीतरी बोललीस. गाडीचा आवाज होता. मला एक अक्षर कळलं नाही. तुझ्या तोंडाकडे बघून वाटलं, जाऊ का असं विचारतेयस. म्हणून म्हटलं, तुला पटेल ते कर. काय बोलली होतीस, ते मी आजवर विचारलं नाही. ती पहिली वेळ होती, बडबडे. आधी वाटलं सर्दी आहे, मग वाटलं जग हळू बोलायला लागलंय. मग कळलं, पण तोवर लपवायची सवय झाली होती. तोंडं वाचायला शिकलो. फोनला तोंड नसतं, म्हणून फोन सोडला.

आता बावीस मार्चचं. एका दवाखान्याची जुनी लिफ्ट. छतावरचं थांबवायचं बटण बिघडलं होतं, तेच बदलायला गेलो होतो. लांबूने दोन ठोके दिले, मी दोन परत दिले आणि बटण दाबून धरलं. केबिन वर जायला लागली. अर्ध्या वाटेत त्याच्या तेलकट हातातून पाना सुटला आणि खाली गेला. मग तो ओरडला. थांब, थांब, थांब. तळमजल्यावरच्या पहारेकऱ्याला ऐकू गेलं, मी आठ हातांवर होतो, मला नाही. मी एका ठोक्याची वाट बघत बटण दाबून बसलो. वरचा शेवटचा स्विच होता म्हणून केबिन थांबली. लांबू पोटावर आडवा झाला होता. त्याच्या पाठीत आणि वरच्या लोखंडात वीतभर जागा उरली होती. टोपी त्या लोखंडात अडकून फाटली.

आणि मी काय केलं ते ऐक. मी त्याला म्हटलं, बटण अडकलं होतं. त्याने विश्वास ठेवला. दोन दिवस तो त्या बटणाला शिव्या घालत होता आणि मी मान डोलवत होतो. म्हणून अर्ज मागे घेतला. वाटलं गुपचूप काम सोडावं, म्हणजे सांगायला नको. ही पळवाट होती. तू ती बंद केलीस.

एकवीस तारखेला मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या समोर बसलो, तोंड दिसेल असा, आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "इतके दिवस मला वाटत होतं, तुला माझी बडबड नको म्हणून हातात पाना दिलास." एवढंच. टोपीचं काहीच बोलला नाही. मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी तो कामावर माझ्याशी बोलला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. काल संध्याकाळी दारात उभा. हातात चिठ्ठी, कानाच्या डॉक्टरची वेळ घेतलेली, तीही त्यानेच. आज सकाळी आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. बोललो मी, लांबू नुसता शेजारी उभा राहिला. साहेबांनी मला आजपासून लिफ्टवरून काढलं. बरोबर केलं. मीही तेच केलं असतं.

तुझा फरक आता मला पटलाय. हिअर न होता लिसन करता येतं, मी दोन वर्षं केलं. पण स्वतःच्या जिवावर करावं, दुसऱ्याच्या नाही.

डॉक्टरची वेळ सहा मे. भीती वाटते.

तुझा मामा

(समासात) मी सोबत जाणार आहे. — मामी


३० एप्रिल

प्रिय मामा,

परत म्हणते: तीन वाक्यं. बावीस मार्च. वीतभर जागा. सहा मे. भीती वाटते.

ते पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी मध्येच उठून पाणी प्यायले. लांबूमामाला माझा नमस्कार सांग, आणि टोपी मी पाठवते आहे, निळी.

स्टेशनवर मी काय बोलले होते ते सांगते. जाऊ का, असं नव्हतं विचारलं. मी म्हटलं होतं, "मामा, मला तुझ्यासारखं काम करायचंय, चोख." तू म्हणालास तुला पटेल ते कर. तसं पाहिलं तर उत्तर चुकलं नव्हतं तुझं.

सहा तारखेला रजा काढून येते आहे. बिस्किटं चालतील.

तुझी बडबडी


२८ जून

चि. बडबडीस,

तू गेलीस आणि घर फार शांत झालं, असं लिहिणार होतो, पण ते खोटं ठरेल. ऑपरेशननंतर उजव्या कानातला बोळा काढून आता पाच आठवडे झाले. त्या इतकुशा हाडाची दुरुस्ती बसली, असं डॉक्टर म्हणतात. पहिले काही दिवस गरगरलं, भिंत धरून चाललो. मग एक दिवस सकाळी मी खिडकीत बसलो होतो, मामी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, आणि मला तिचा आवाज आला. पाठमोरीचा. तोंड दिसत नसताना. ती म्हणत होती की हा चमचा कुठे ठेवला कुणास ठाऊक, आणि गवळी उशीर करतो, आणि यांना काही सांगून उपयोग नाही. खरं सांगतो, ती खरंच पुटपुटते. मी तिला सांगितलं नाही. तासभर ऐकत बसलो. मग डोळे पुसायला गच्चीवर गेलो, या वेळी खराखुरा.

परवा हिअरिंग टेस्ट झाली. उजव्याला पास, डाव्याला नापास, त्याचं पुढच्या वर्षी बघू. लिफ्टवर मात्र मला पुन्हा चढता येणार नाही. डॉक्टर म्हणतात उंचीवर तोल जायची भीती आहे, आणि साहेबांनीही नाही म्हटलं. दोन दिवस मला फार वाईट वाटलं. एकतीस वर्षांची सोबत आहे, वाईट वाटणारच. पण स्टोअरमध्ये नाही बसवलं. वर्कशॉपमध्ये मोटरी उघडायचं काम दिलंय, आणि फिटरांना स्क्रू ड्रायव्हर हाडाला लावून ऐकायला शिकवतो. वर्कशॉपच्या कामाला एक कान चालतो म्हणाले, म्हणून लिसनिंगची परीक्षा सप्टेंबरमध्ये देणार आहे, पुस्तकं परत पाठव. ज्याला दिली असशील त्याच्याकडून मागून घे.

लांबूला नवा जोडीदार मिळालाय. पहिल्या दिवशी लांबूने छतावरून त्याच्याकडून प्रत्येक हुकूम दोनदा परत म्हणवून घेतला, असं कानावर आलं. रोज दुपारचा डबा तो माझ्या टेबलावर येऊन खातो आणि अखंड बोलतो, माझ्या उजव्या बाजूला बसून. निळी टोपी जेवतानाही काढत नाही.

तुझ्या मागच्या पत्रातलं परत म्हणायचं राहिलं. पोचलीस. वर्गात बावीस झाले. आजोबा पास झाले. मांजरीची दोन पिल्लं न्हाव्याने नेली.

आणि हे दोन वर्षांचं राहिलेलं. परत म्हणतो: रविवारी सकाळी नऊ वाजता तू फोन करणार. मीच उचलायचा.

तुझा मामा

(समासात) चमचा सापडला. गवळ्याचं तुम्हाला कसं कळलं? — मामी